सहा वर्षं आत राहून आलेला वेल्डर: घेऊ का, आणि घेतला तर कोणाला सांगू?

ठिणगी (धागाकर्ता)

माझं लहानसं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. माझ्यासकट बारा माणसं. गेट, जाळ्या, लोखंडी जिने, शेडचे सांगाडे असली कामं. एका वेल्डरची जागा रिकामी झाली म्हणून गेल्या आठवड्यात चार जण येऊन गेले. माझी परीक्षा एकच: दोन पट्ट्या हातात देतो, जोड मारून दाखव. चौघांपैकी एकाचा जोड असा होता की वर ग्राइंडर फिरवावासा वाटेना.

कुठे शिकलास विचारलं. म्हणाला, "आत." मला वाटलं कुठल्यातरी कंपनीच्या आत. कुठली कंपनी, असं विचारल्यावर म्हणाला, "तुरुंगात. सहा वर्षं होतो. मारामारीची केस. त्यात एक माणूस कायमचा अधू झाला. सुटून आठ महिने झालेत."

मी "कळवतो" म्हणालो. हा शब्द त्याने बराच ऐकला असावा, कारण मान हलवून तो लगेच निघाला, नंबरसुद्धा न देता. मला त्याच्या मागे फाटकापर्यंत जाऊन नंबर घ्यावा लागला.

घ्यावं की नाही हा एक प्रश्न आहेच, पण दुसरा जास्त छळतोय. घेतला तर बाकीच्यांना सांगायचं का? सांगितलं तर त्याचं तिथे काय होईल, आणि नाही सांगितलं आणि उद्या कळलं तर माझं काय होईल? उपदेश नको. अनुभव किंवा माहिती असेल तर लिहा.

पाटीपेन्सिल

जोड चांगला आहे ना? मग घ्या. एवढा काथ्याकूट कशाला.

साडेमाडे

मी उलट बाजूने बोलतो, आधीच सांगून ठेवतो म्हणजे मागाहून कोणी अंगावर यायला नको. ज्यांनी जन्मात कुणाला चापट मारली नाही असे कितीतरी कारागीर कामाविना बसलेत. त्यांच्यासाठी कोणी धागा काढत नाही. सरळ वागणाऱ्याने रांगेत मागे उभं राहायचं आणि याची सहानुभूतीवर सोय लावायची? शिवाय केस चोरीची असती तर मी कदाचित गप्प बसलो असतो. ही मारामारी आहे, आणि वर्कशॉपमध्ये प्रत्येकाच्या हाताशी लोखंडाचा तुकडा असतो.

ठिणगी

साडेमाडे, शेवटच्या मुद्द्याचीच मलाही धास्ती आहे, खोटं कशाला बोलू. पण रांगेचं म्हणाल तर उरलेल्या तिघांपैकी एकाचा जोड मी हातोडीच्या एका ठोक्यात उडवला. त्या जोडाचा जिना मी कोणाच्या घराला लावू? मी सहानुभूतीवर घेत नाहीये. सहानुभूती नसती तरी पहिला नंबर त्याचाच होता, अडचण तिथेच तर आहे.

रुखरुख

सुटून आलेल्यांना कामाला लावण्याच्या खटपटीत मी काही वर्षं आहे, म्हणून जरा लांबण लावते.

तुमच्या त्या "कळवतो"चा हिशेब एका बाईंनी मांडून ठेवला आहे. देवा पेजर, समाजशास्त्रज्ञ. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात त्यांनी तरुणांच्या जोड्या करून ३५० ठिकाणी नोकरी मागायला पाठवल्या. दिसणं, बोलणं, शिक्षण, अनुभव सगळं जुळवून घेतलेलं, फरक एकच: जोडीतल्या एकाच्या अर्जात तुरुंगवासाचा उल्लेख. तो उल्लेखही खोटाच, आणि कोणाच्या अर्जात घालायचा हे आळीपाळीने बदलत. २००३ साली निष्कर्ष छापून आले. गोऱ्या मुलांच्या कोऱ्या अर्जांना १०० पैकी ३४ वेळा उलट बोलावणं आलं, शिक्षेचा उल्लेख असलेल्यांना १७ वेळा. काळ्या मुलांत हेच आकडे १४ आणि ५. म्हणजे काहीही न केलेला काळा मुलगा शिक्षा भोगलेल्या गोऱ्या मुलाच्याही मागे राहिला. साडेमाडे, रांग मुळात सरळ नसते ती अशी.

आता धास्तीबद्दल. ती निराधार नाही, पण तिला मुदत असते. ब्लमस्टीन आणि नाकामुरा या दोघांनी १९८० साली न्यूयॉर्क राज्यात पहिल्यांदा अटक झालेल्यांच्या नोंदी पुढची बरीच वर्षं तपासल्या. प्रश्न असा होता की माणूस किती वर्षं पुन्हा अटक न होता राहिला, तर त्याच्यापासूनचा धोका त्याच वयाच्या चारचौघांइतका होतो? अठराव्या वर्षी घरफोडीत पकडला गेलेला ३.८ वर्षांत त्या रेषेला आला, गंभीर मारहाणीतला ४.३ वर्षांत, जबरी चोरीतला ७.७ वर्षांत. त्यानंतरही जन्मभर त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघायचं ते कशाच्या आधारावर, हे त्यांचं म्हणणं.

आठ महिने म्हणजे तुमचा माणूस अजून त्या रेषेच्या अलीकडेच आहे, हे मी लपवत नाही. पण ती चार वर्षं त्याने काढायची कुठे? सगळेच "चार वर्षांनी ये" म्हणाले तर ती चार वर्षं नीट जाण्याची शक्यताच आपण कमी करतो. कोणालातरी तो रेषेच्या अलीकडे असतानाच घ्यावं लागतं.

वय काय आहे त्याचं? विचारायचं कारण असं की १९७० च्या दशकात अमेरिकेत अशा लोकांना चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून साधी कामं देण्याचा मोठा प्रयोग झाला होता. क्रिस्टोफर उगेन यांनी २००० साली ती माहिती पुन्हा चाळली. २७ किंवा त्याहून मोठ्या माणसांत कामाने स्पष्ट फरक पडलेला दिसला. त्याहून लहान पोरांत जवळजवळ नाहीच. विशीतल्या पोराला नुसतं काम देऊन भागत नाही, हे माझ्याही पाहण्यात आहे.

ठिणगी

३४.

काठावरचा

वाचनमात्र असतो. आज लिहितो. मी आत राहून आलोय, किती आणि कशासाठी ते सोडा. माझ्या तीन नोकऱ्यांबद्दल सांगतो, कारण ठिणगी यांचा दुसरा प्रश्न मला तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी लागू झाला.

पहिला मालक भला माणूस. पहिल्याच दिवशी सगळ्यांना गोळा करून म्हणाला, हा अमुक ठिकाणाहून आलाय, याला सांभाळून घ्या. हेतू सोन्यासारखा. नंतर व्हायचं असं की एखादी पक्कड सापडेनाशी झाली की कोणी माझ्याकडे बघायचं नाही. मुद्दाम दुसरीकडे बघायचे. बघितलं असतं तर मी काहीतरी बोललो असतो. पक्कड कुठल्यातरी बाकाखाली निघायची, मग सगळे माझ्याशी जास्तच गोड बोलायचे. चार महिन्यांत सोडली.

दुसरीकडे कोणालाच सांगितलं नाही. अर्जात त्या वर्षांपुढे "घरचा व्यवसाय" लिहिलं. दोन वर्षं काम केलं आणि दोन वर्षं घाबरलो. कोणी मोबाइल बघत हसला की वाटायचं माझंच नाव सापडलं. शेवटी कळलंच. मालक म्हणाला, केलेल्याचं काही नाही, पण तू लपवलंस. आणि त्याचं बरोबर होतं. पण आधी सांगितलं असतं तर घेतलं असतं का, विचारल्यावर तो गप्प बसला.

तिसऱ्याने, जिथे मी आज आहे, एकच गोष्ट केली. म्हणाला, "मला कळलं ते माझ्यापाशी. बाकी कोणाला सांगायचं, कधी सांगायचं, ते तुझं तू ठरव. फक्त ज्याच्या हाताखाली काम करणार त्याला माहीत असलं पाहिजे, त्याला अंधारात ठेवणार नाही. ते तू सांगतोस की मी सांगू?" मी म्हटलं मी सांगतो. मुकादमाला सांगितलं. त्याने विचारलं, "रात्रपाळी चालेल?" बस. पुढे वर्षभरात मी आणखी दोघांना सांगितलं, आपणहून. बाकीच्यांना माहीत असेल नसेल, मी मोजत नाही.

आणखी एक. पहिले काही दिवस तो तुम्हाला बावळट वाटेल. जेवायची सुट्टी झाली तरी कोणी "ऊठ" म्हणेपर्यंत मी बसून राहायचो. कामचुकार नव्हतो, आज्ञेची सवय. आणि पगार कसा देणार ते आधी विचारा. माझं बँकेत खातं नव्हतं, कारण पत्त्याचा पुरावा नव्हता, कारण भाड्याची खोली मिळत नव्हती, कारण पगाराचा पुरावा नव्हता. ही साखळी कुठूनही तोडा, पण पहिला महिना कोणीतरी तोडावी लागते.

रुखरुख

काठावरचा, लिहिलंत ते फार बरं केलंत.

ती साखळी जगभर तीच आहे. कैद्यांना कसं वागवावं याचे संयुक्त राष्ट्रांचे नियम २०१५ साली सुधारले, त्यांना मंडेला नियम म्हणतात. त्यातला १०८ वा नियम वाचला तर अगदी घरगुती वाटतो: सुटणाऱ्याकडे ओळखीची कागदपत्रं असावीत, राहायला जागा आणि काम असावं, हवामानाला साजेसे कपडे असावेत, जायच्या ठिकाणी पोचण्यापुरते आणि सुरुवातीचे दिवस निभावण्यापुरते पैसे असावेत. यातलं एखादं जरी नसलं तरी बाकीची तीन लंगडी पडतात.

न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेली एक संस्था, सेंटर फॉर एम्प्लॉयमेंट ऑपॉर्च्युनिटीज, सुटून आलेल्यांना तात्पुरत्या कामावर लावून रोजचे पैसे रोज हातात द्यायची, ते याचसाठी. तिच्या कामाची बाहेरच्यांनी कसून तपासणी केली. निकाल मिश्र आला: नोकरी टिकण्यातला फायदा वर्षभरात विरून गेला, पण पुन्हा आत जाण्याचं प्रमाण कमी राहिलं, आणि तेही मुख्यतः सुटकेनंतर तीन महिन्यांच्या आत आलेल्यांमध्ये. उशिरा आलेल्यांना तेवढा उपयोग झाला नाही. तुमच्याकडे आलेल्याने आठ महिने घालवलेत हे म्हणूनच मला खटकलं. म्हणजे आठ महिने तो "कळवतो" गोळा करत फिरतोय.

निरक्षीर

कायद्याच्या अंगाने थोडं. "कोणाला सांगायचं" हा प्रश्न काही देशांनी मालकाच्या मर्जीवर सोडलेला नाही.

इंग्लंडमध्ये १९७४ पासून कायदा आहे की ठरावीक काळ पुन्हा गुन्हा न करता गेला की शिक्षा "सरली" असं धरायचं. मग सामान्य नोकरीसाठी विचारलं तरी ती सांगावी लागत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये हे काळ आणखी कमी केले: १ वर्षापर्यंतच्या कैदेला शिक्षा संपल्यावर १ वर्ष, १ ते ४ वर्षांच्या कैदेला ४ वर्षं, त्याहून मोठीला ७. गंभीर हिंसा, लैंगिक आणि दहशतवादी गुन्ह्यांतल्या ४ वर्षांवरच्या शिक्षा यातून वगळल्या आहेत, आणि लहान मुलांबरोबरच्या वगैरे नोकऱ्यांना ही सूट नाही. मला यातलं क्रियापद आवडतं. माफ केली असं नाही, सरली.

अमेरिकेत दुसरी वाट काढली. अर्जावरचा "तुम्हाला शिक्षा झाली आहे का" हा चौकोनच काढून टाकायचा, विचारायचं ते नंतर. हवाईने १९९८ मध्ये सुरुवात केली. ऐकायला झकास. पण अॅगन आणि स्टार या दोन अभ्यासक बायकांनी न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क शहरात सुमारे १५,००० बनावट अर्ज भरून पाहिले. चौकोन होता तेव्हा गोऱ्या नावाच्या अर्जाला काळ्या नावापेक्षा ७ टक्के जास्त बोलावणी येत. चौकोन काढल्यावर ४३ टक्के जास्त. मालकांना माहिती मिळेना, तेव्हा त्यांनी नावावरून अंदाज बांधायला सुरुवात केली. चांगल्या कायद्याचा असा पचका झालेला मी क्वचित पाहिला. तेव्हा नुसतं "विचारू नका" यावर माझा विश्वास नाही. काम हातात दिल्यावर, म्हणजे तुमचा तो जोड पाहिल्यावर, विचारा आणि मग तीन गोष्टींचा मेळ घाला: गुन्हा काय, किती जुना, आणि या कामाशी त्याचा संबंध काय. अफरातफरवाल्याला गल्ल्यावर बसवू नका, वेल्डिंगला लावा. मारहाणवाल्याचं उलट, गल्ल्यावर चालेल, पण कोणाच्या हाताखाली आणि कोणाशेजारी हे बघा.

आणि आपापल्या देशातला कायदा आणि विम्याची कलमं आधी वाचा, हे सांगायला नको.

आडवाट

विम्यावरून आठवलं, अमेरिकेत सरकारच १९६६ पासून अशा नोकरांसाठी मालकाला हमीपत्र देतं. पहिले सहा महिने, फुकट, नोकराने चोरी वगैरे केली तर भरपाई. साडेमाडेंची शंका तिथल्या सरकारने खिशात हात घालून ऐकली म्हणायची.

ब्रिटनमधली टिम्पसन ही बूटदुरुस्ती आणि किल्ल्या बनवणारी कंपनी तर ठरवून तुरुंगातून माणसं निवडते, तिथेच शिकवते. त्यांच्या कामगारांत साधारण दहातला एक असा आहे. किल्ल्या बनवायला, हं! तिचे प्रमुख जेम्स टिम्पसन २०२४ च्या जुलैमध्ये तिथले तुरुंगमंत्री झाले.

(अवांतर: आपल्याकडेही औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं होतं. कैदी कुटुंबासह राहून शेती करणार, कुलूप नाही. त्यावर वेगळा धागा हवा.)

उंबरठा

सगळा धागा वाचला. आकडे वाचले. आता माझं.

माझ्या भावाला अशाच एका मारामारीत मार बसला. तो आज चाळिशीत आहे आणि शर्टाची बटणं आई लावून देते. ज्याने मारलं तो सुटला, त्यालाही कुठेतरी कोणीतरी कामावर घेतलं असेल. तुम्ही सगळे त्याच्या आठ महिन्यांबद्दल बोलताय. भावाला मुदत नाही, त्याच्या बाबतीत काही "सरत" नाही.

तरीही मी "घेऊ नका" म्हणणार नाही. कोर्टाने सांगितलेली भरपाई आम्हाला अजून पूर्ण मिळालेली नाही, आणि ज्याला काम नाही तो ती देणार कुठून, एवढा हिशेब मलाही येतो. मला एकच विचारायचं आहे. ठिणगी, तुम्ही लिहिलंय, "त्यात एक माणूस कायमचा अधू झाला." तो असंच म्हणाला का? झाला? की "मी केला"?

ठिणगी

असंच म्हणाला. "झाला." मी शब्दाला शब्द लिहिलंय. माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

उंबरठाताई, यावर काय लिहावं कळत नाही. विचारतो त्याला.

रुखरुख

उंबरठा, तुमचा प्रश्न योग्यच आहे आणि तो विचारायचा हक्क सगळ्यांत आधी तुमचा. ठिणगी यांना मात्र एक सांगते, त्याच्या उत्तरावर नोकरी टांगू नका. शॅड मरुना यांनी लिव्हरपूलमध्ये गुन्हेगारी सोडलेल्यांच्या आणि न सोडलेल्यांच्या लांबलचक मुलाखती घेतल्या होत्या, २००१ मध्ये त्यांचं ते काम प्रसिद्ध झालं. सोडलेले लोक सगळा दोष स्वतःवर घेणारे असतील असं आपल्याला वाटतं. तसं सरसकट दिसलं नाही. मागचं बरंचसं ते परिस्थितीवरच ढकलत. फरक पुढच्याबद्दल बोलण्यात होता: यापुढचं माझ्या हातात आहे, आणि माझ्याकडून कोणालातरी काही मिळावं, असं ते म्हणत. न सोडलेल्यांना पुढचंही आपल्या हातात नाही असंच वाटत होतं.

उंबरठा

असेल. मला अभ्यासासाठी नको होतं उत्तर.

साडेमाडे

उंबरठा यांचा प्रतिसाद वाचून माझा पहिला प्रतिसाद जरा पोरकट वाटला. मत बदललेलं नाही. पण घेणारच असाल तर पहिले तीन महिने त्याला एकट्याने बाहेरच्या फिटिंगला, लोकांच्या घरी, पाठवू नका. त्याच्याचसाठी म्हणतोय. काही फुटलं-हरवलं तर पहिलं नाव कोणाचं येईल ते काठावरचा यांनी सांगितलंच आहे.

काठावरचा

हे मात्र पटलं. +१.

ठिणगी

तीन आठवड्यांनी लिहितोय, उशीर झाला. कामं आली होती.

घेतला. घेण्याआधी बोलावून दोन गोष्टी बोललो. पहिली काठावरचा यांच्या मालकाची. मिस्त्रींना सांगावंच लागेल, तू सांगतोस की मी? म्हणाला, "तुम्ही सांगा, मी शेजारी उभा राहतो." तसंच केलं. मिस्त्री साठीचे आहेत, त्यांनी त्याचा हात उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, हातमोजे नीट घालत जा. बाकीच्यांना मी सांगितलेलं नाही. दोघांना कुठूनतरी कळलंय, ते जेवताना लांब बसतात. एक माझ्याकडे आलाही होता खरं-खोटं करायला. मी म्हटलं त्यालाच विचार. अजून विचारलेलं नाही. दुसरा एक पोरगा मात्र त्याच्याकडून उभा जोड शिकतोय. कळलेल्यांतला नाही तो, किंवा कळलं असून शिकत असेल, मला माहीत नाही.

दुसरी गोष्ट उंबरठाताईंची. विचारलं. तुमचं नाव-गाव नाही, पण कोणाची तरी बहीण विचारते आहे असं सांगितलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी केला. वकिलाने कोर्टात 'झाला' म्हणायला शिकवलं होतं, ते सहा वर्षं तोंडात बसलं." मग पगारातून काही रक्कम परस्पर भरपाईकडे वळवता येते का ते विचारलं. येते, चौकशी केली, सुरू केलं.

उंबरठा

वाचलं.

ठिणगी

एक बारीक प्रश्न राहिलाय. दर दुसऱ्या मंगळवारी त्याला अकरा वाजता हजेरीला जावं लागतं, देखरेख अधिकाऱ्यासमोर. अर्धा दिवस जातो. हजेरीपुस्तक सगळ्यांच्या हाताखालून जातं, तिथे कारण लिहायचा रकाना आहे. काय लिहू? रजा लिहिली तर त्याच्या रजा संपतात. आजारी लिहिणं खोटं.

काठावरचा

"बाहेरचं काम" लिहा. माझ्या मालकाने तेच लिहिलं होतं.